शिशाची आडवी रेघ

चिंचवड,
ता. २० फेब्रुवारी १९५७

चि. सयाजी यास,

आशीर्वाद लिहिण्याची रीत आहे. तो लिहिला असे समज.

परवा दुपारी चौकीत भैरूने कबुलीजबाबावर अंगठा दिला. शिशाच्या कढईत आपणच पाणी ओतले आणि मालकांचा जीव घ्यायचा म्हणूनच ओतले, असे त्या कागदावर लिहिले आहे. हे घडले म्हणून मला लिहावे लागत आहे. एरवी मी तुला पत्र लिहिणार नव्हते.

मी ठीक आहे. शाळा चालू आहे. मॅट्रिकच्या मुलींचे पदार्थविज्ञान संपवले. रसायनाचे दोन धडे राहिलेत आणि निवडणुकीसाठी वर्ग रिकामे करून मागितले आहेत. घराच्या पुढच्या खिडक्यांना आता काच उरलेली नाही. तू मामांबरोबर कोल्हापूरला गेलास त्याच संध्याकाळी थेरगावहून भैरूच्या भावकीतले लोक आले आणि त्यांनी दगड मारले. मी दार उघडून बाहेर उभी राहिले. सगळ्यांच्या पुढे भैरूची आई, सोजराबाई. तिने जवळ येऊन माझ्या तोंडात मारली. डावीकडचा एक दात हलतो आहे.

"माझ्या पोराचा हात मोडला तुमी," ती म्हणाली. "आता मान मोडायची ऱ्हायलीय व्हय?"

मी तिला म्हटले, "आणखी मारायचं असेल तर मारून घ्या. मग आत या आणि काय घडलं ते सांगा. मला अजून नीट ठाऊक नाही." ती आत आली नाही, पण बाकीच्यांच्या हातातले दगड खाली पडले.

तेव्हा ठाऊक नव्हते, आता आहे. तुला तर पहिल्यापासून आहे. तरीही मी ते क्रमाने लिहिते, कारण तू फौजदारांना दिलेल्या जबाबात क्रम उलटा केला आहेस.

आधी शनिवार. सकाळची शाळा सुटल्यावर मी कारखान्याच्या दारातून आत डोकावले तेव्हा तू नव्या पायरोमीटरसमोर उभा होतास. त्या नव्या कंपनीला आम्लाच्या टाक्यांसाठी शिशाचे पत्रे हवेत, आणि प्रत्येक रसाचे तापमान किती होते ते लिहून हवे, म्हणून दादांनी, तुझ्या वडिलांनी, ते यंत्र मुंबईहून आणवले. काटा सहाशे वीस फॅरनहाइटच्या जरा पुढे येऊन थांबला होता. तुझ्या हातात आलेखाचा कागद होता आणि त्यावरची रेघ चढत चढत येऊन आडवी झाली होती.

तू भैरूला विचारलेस, "काटा का हलत नाही?"

"कोळसा टाकतोय की मालक. सकाळधरनं पाठ सरळ केली न्हाई."

"मग काटा खोटं बोलतो?"

"काट्याचं मला काय ठावं? काटा तुमचा हाय. फावडं माझं हाय."

माणसे हसली. भैरू उर्मट नव्हता. खरे तेच बोलला होता. पण माणसे हसली, आणि तू भिंतीवर टांगलेला कढईचा लोखंडी खुंटा काढलास.

मी हाक मारली. तू ऐकले नाहीस. पहिला वार त्याने फावड्यावर झेलला. दुसरा मनगटावर बसला, आणि लाकूड मोडल्यासारखा आवाज मी दारातून ऐकला. तो खाली बसल्यावर तू पाठीवर मारलेस, मग डोक्यावर. दादा ऑफिसातून धावत आले, त्यांनी मागून तुला कवेत आवळले, तेव्हा तू थांबलास. खुंट्यावरून रक्त निथळत होते. ते पाहून तुला शिसारी आली आणि तू तो फेकून दिलास.

सयाजी, शिसे वितळत असताना काटा थांबतोच. कितीही कोळसा घाल. जोवर कढईत घट्ट शिसे शिल्लक आहे, तोवर येणारी सगळी उष्णता ते वितळवण्यात जाते आणि तापमान जागचे हलत नाही. शेवटचा तुकडा वितळला की काटा पुन्हा चढू लागतो. हे मी तुला नववीत शिकवले आहे. मेणाचा प्रयोग होता. वर्गात सगळ्यांची रेघ मध्ये आडवी आली आणि तुझी एकट्याची सरळ चढत गेली. मी विचारले तेव्हा तू म्हणालास, "आत्या, आडवी काढली असती तर मी बसून राहिलो असं वाटलं असतं." मी तुला शून्य दिले. दादा घरी खूप हसले.

थांबलेला काटा पाहिला की तुला कुणीतरी कामचुकारपणा करतो आहे असे दिसते. पूर्वी तो दोष तू स्वतःकडे घेतलास आणि रेघ खोटी काढलीस. यावेळी तो भैरूच्या अंगावर काढलास.

आता शनिवारची संध्याकाळ. हे मला आबाजींनी सांगितले. ते भट्टीवरचे जुने मिस्त्री, दादांबरोबर कोल्हापूरहून आले, त्यांच्या शब्दावर मी शंका घेत नाही. दादा भैरूला टांग्यात घालून पुण्याला डॉक्टरकडे गेले होते. कढई निवत आली होती. रविवारी भट्टी बंद, म्हणून शनिवारी शिसे गोठायच्या आत खुंटा मधोमध उभा करून ठेवायचा, हा नेम. सोमवारी खालून आग लागली की खुंट्याभोवतीचे शिसे सैल होते, तो उपसून काढायचा, आणि त्या भोकातून खालचा रस निमूट वर येतो. खुंटा नसेल तर वर घट्ट झाकण आणि खाली फुगणारा रस.

आबाजींनी खुंटा उचलला, पाहिला आणि खाली ठेवला.

"रगत लागलेलं लोखंड रसात घालायचं नाही, सयाजीराव. दसऱ्याला हळदकुंकू लावतो आम्ही याला."

"धुऊन घ्या."

"धुतलं म्हणून काय झालं? कुणी हात लावणार नाही. लोहाराकडनं नवा करून आणतो. तोवर एखादी सळई तरी उभी करू."

आणि तू म्हणालास, "राहू द्या. एक दिवस खुंटा नसला तर कढई काय पळून जाते?"

तुला त्या लोखंडाकडे बघवत नव्हते, हे मी समजू शकते. पण मग दुसरी सळई का घालू दिली नाहीस? आबाजी म्हणतात, तू तिथे उभा राहायलाच तयार नव्हतास. दिवे मालवलेस आणि सगळ्यांना घरी पाठवलेस.

सोमवारी भैरू कामावर आला. हात गळ्यात बांधलेला. का आलास म्हणून मी त्याला परवा चौकीत विचारले. "खाडा लावला असता न्हवं," म्हणाला. तू त्याला भट्टीला वारा घालणाऱ्या पंख्यावर बसवलेस आणि डाव्या हाताने पंखा फिरवायला लावलास. आबाजींना दुसऱ्या कढईवर धाडलेस. काटा चढला आणि पुन्हा त्याच जागी थांबला. तू ओरडलास, "जोरात! जोरात फिरव!" हे मी घरातून ऐकले.

नंतर जे ऐकले त्याला आवाज म्हणता येणार नाही. स्वयंपाकघरातली भांडी फळीवरून खाली आली.

मी पोचले तेव्हा छपराचे पत्रे फाटलेले होते आणि शिसे तुळयांवरून ठिबकत होते. कढईच्या तोंडावरचे झाकण, चांगले वीतभर जाड, दोन तुकडे होऊन भिंतीत रुतले होते. एक माणूस गुडघ्यांवर बसला होता. त्याचे तोंड राखाडी होते, चकचकीत, आणि त्याला डोळे नव्हते. मी त्याला आधी ओळखले नाही. मग दादांचा कोट ओळखला. तो कोट आता कपाटात आहे. पुण्याच्या रुग्णालयातून त्यांनी तो मला परत दिला.

तू अंगणात उभा होतास. तुझा उजवा तळहात भाजला होता. फौजदार मारुतराव आले तेव्हा तू भैरूकडे बोट दाखवून म्हणालास, "यानं पाणी ओतलं. मी डोळ्यांनी पाहिलं." हवालदाराने तिथेच त्याच्या मोडक्या हाताला धरून त्याला फरफटत नेले. तो किंचाळला. तू तोंड फिरवलेस.

चौकीत काय झाले ते तुला कळायला हवे. मी आणि सोजराबाई परवा गेलो. हो, दोघी, ती मला तोंडात मारणारी आणि मी मार खाल्लेली, एकाच टांग्यातून. वाटेत ती एवढेच म्हणाली, "बाई, लई लागलं का?" मी म्हटले, "लागलं."

भैरू कोपऱ्यात पालथा पडला होता. तळपाय सुजून दुधीभोपळ्यासारखे झाले होते. मनगटावरची पट्टी सोडून टाकली होती आणि नेमके तिथेच मारले होते. सोजराबाईने त्याचे डोके मांडीवर घेतले तर त्याने तिला ओळखायला वेळ लावला. मला मात्र ओळखले.

"बाई, मी पानी वतलं न्हाई."

"मला ठाऊक आहे."

"मग त्यास्नी सांगा की."

"सांगते आहे. पण तू अंगठा का दिलास?"

"तुमी हितं रातभर ऱ्हावा, मग इचारा."

मी मारुतरावांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. ते जेवत होते. म्हणाले, "बाई, तुम्ही मालकांची बहीण. तुमचा भाचा फिर्यादी. तुम्ही आरोपीच्या बाजूनं कुठं?" मी म्हटले, "जेवण झालं की कारखान्यावर चला. तुम्हाला एक प्रयोग दाखवायचा आहे. भीती वाटत असेल तर हवालदारांनाही आणा." तेव्हा ते चिडले, आणि चिडले म्हणूनच काल आले.

मी आधल्या रात्री लोखंडी चंबूत शिसे वितळवून त्यात पायरोमीटरची नळी ठेवली होती आणि ते तसेच गोठू दिले होते. खुंटा घातला नव्हता. काल फौजदारांच्या हातात आलेखाचा कागद आणि पेन्सिल दिली, आणि ज्या हवालदाराने भैरूला फरफटत नेले त्याच्या हातात फावडे. चंबू शेगडीवर ठेवला, आणि सगळ्यांना खांबामागे उभे केले.

मारुतराव काटा वाचत आणि ठिपके काढत होते. रेघ छान चढली. मग थांबली.

"सहाशे एकवीस," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "सहाशे एकवीस." आणखी थोड्या वेळाने, "बाई, तुमचं मशीन बिघडलंय."

"बिघडलेलं नाही. कोळसा वाढवायला सांगा."

"हवालदार, टाका."

हवालदाराने टाकला. काटा जागचा हलला नाही. ठिपक्यांची आडवी रांग लांबत गेली. मारुतराव वैतागले. "अहो, नीट टाका की! झोपलात काय? सासुरवाडीला आलात?"

"टाकतोय साहेब!"

"मग काटा काय माझ्या बापाचं ऐकतो?"

मी म्हटले, "माझा भाचा असंच म्हणाला होता. फरक एवढाच, की त्याच्या हाताशी खुंटा होता."

ते माझ्याकडे बघत असतानाच चंबू फुटल्यासारखा आवाज झाला. शिशाची धार वरचे झाकण फोडून छताला लागली आणि शिंतोडे चौफेर उडाले. हवालदाराच्या पायाला गुंडाळलेली पट्टी पेटली; तो ओरडत पायावर पाय मारू लागला. एक थेंब माझ्या कोपराच्या वर बसला आहे. मांसात गेला होता, रात्री चिमट्याने काढला. चंबूभर शिशाने हे केले. कढईत काय झाले असेल त्याचा हिशोब मी त्यांना मांडून दाखवला नाही. तशी गरज पडली नाही.

मारुतराव छताला चिकटलेले शिसे बघत खांबामागून बाहेर आले. मग म्हणाले, "पाणी तर कुणी टाकलं नाही."

"नाही. आणि टाकणार कशात? काटा थांबला होता तोवर वर घट्ट शिसंच होतं. पाणी ओतलं असतं तर त्यावर चुर्र झालं असतं, एवढंच."

मग उरलेले शिसे पुन्हा वितळवून, गोठवून तापवले, पण या वेळी चंबूत एक जाड खिळा उभा करून ठेवला होता. तो सैल होताच उपसला. काटा तितकाच वेळ तिथेच थांबला, आडवी रेघ तेवढीच लांब आली, पण भोकातून रस तेलासारखा वर आला, पसरला, आणि मग काटा मुकाट्याने पुढे चढला. फौजदारांनी तोही आलेख स्वतः काढला.

"म्हणजे हे माणसासारखंच झालं की, बाई," ते म्हणाले. "वरून गप्प, आणि आत..."

"माणसाचं मला ठाऊक नाही," मी म्हटले. "मी शिशाचं सांगते आहे. ते तेवढं लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतले. पण मग खरे काय ते बोलले. "कबुलीजबाब कोर्टात उभा राहत नाही, हे मलाही कळतं. पण तुमच्या भाच्याचा जबाब उभा राहतो. मालकाचा मुलगा शपथेवर म्हणतो, मी पाहिलं. त्यापुढं तुमचं चंबूभर शिसं काय करणार? ह्याला फाशी नाही झाली तर जन्मठेप होईल. तुमच्या भाच्यानंच तोंड उघडलं तर गोष्ट वेगळी."

म्हणून हे पत्र. भैरू सुटणे न सुटणे आता फक्त तुझ्या जिभेवर आहे.

तू म्हणशील, आत्या, मी घाबरलो होतो. खुंट्याचे ध्यानात राहिले नाही. तसे म्हणू नकोस. तुला ते ध्यानात होते. मी हे कशावरून म्हणते ते आता सांगते. इतका वेळ मी ते सांगायचे टाळले.

रुग्णालयात दादांच्या तोंडावर पट्ट्या होत्या, पण बोलता येत होते. बुधवारी दुपारी त्यांनी मला जवळ बसवले. म्हणाले, "कौसे, मी कढईकडे जाताना त्याला विचारलं होतं. खुंटा काढला का? तो म्हणाला, हो दादा, काढला. म्हणून मी वाकून बघितलं."

काढला म्हणालास. जो घातलाच नव्हता, तो काढला म्हणालास. शनिवारची लाज झाकायला तेवढा एक शब्द तुला पुरला. पंख्यावर बसलेल्या भैरूने तो ऐकला, आणि तुला माहीत होते की त्याने ऐकला आहे.

मी दादांना विचारले, "सयाजीला तार करू?" त्यांनी नको म्हणून मान हलवली. म्हणाले, "खरं सांगेपर्यंत त्याच्या हातचं पाणी मला नको."

तुझ्या डोक्यावर आज केस आहेत. असायला नको होते.

दादा गुरुवारी पहाटे गेले. मी तार केली नाही. पवनेच्या काठी अग्नी मी दिला. घाटावरचे लोक कुजबुजले, ब्राह्मण मागे सरला, मग आबाजींनी त्याला दोन शब्द सुनावले आणि तो पुढे आला. मडके खांद्यावर घेऊन फिरताना माझ्या हातून ते लवकर निसटले. बाकी सगळे नीट झाले. मामांना हे कळू नये म्हणून मी कुणालाही कोल्हापूरला लिहू दिले नाही. तू तिकडे सुतक न पाळता जेवतो-खातो आहेस, हे मला दररोज दोन्ही वेळा पानावर बसताना आठवते.

दहावा शनिवारी आहे. दादांनी घातलेली अट मी मोडणार नाही. तू खरा जबाब दिलास तर पिंड तू ठेवशील. नाही दिलास तर मी ठेवीन, आणि त्यानंतर तुला आत्या नाही.

जबाब बदललास तर तुझ्यावर काय येईल, ते मी विचारून घेतले आहे. खोटी फिर्याद, भैरूला केलेली मारहाण, आणि हयगयीने झालेला मृत्यू. तुरुंग चुकणार नाही. मी वकील देणार नाही. मामांना द्यायचा तर देवोत. पण भेटीचा दिवस असेल त्या दिवशी मी येईन. तुला लहानपणी कारल्याची भाजी आवडत नव्हती, ती तिथे फार देतात असे ऐकते. लसणाची चटणी आणू देतात का, ते चौकशी करून बघीन.

हात कसा आहे? तळहात भाजला की बोटे आखडतात. रोज कोमट पाण्यात उघड-मीट करत जा.

तुझी आत्या,
कौशल्या

हाती दिले ते असे:

हे पत्र, पाकीट न चिकटवता, फौजदारांनी माझ्यासमोर वाचल्यानंतर. दोन्ही आलेख, त्यांच्या सहीचे. मामांच्या घराचा पत्ता, रंकाळ्याच्या बाजूने कसे जायचे त्याच्या खुणेसह. एक धोतर, नवे, दहाव्यासाठी.

घेणार: फौजदार मारुतराव. तू हे वाचत असताना तुझ्यासमोर उभे आहेत ते.